वाइन आणि कोलेस्टेरॉलची गोळी

कुंडल-पलूस भाग द्राक्षांचा. त्यामुळे “डॉक्टर, रोज थोडी वाइन घेतली तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येईल का?” असा प्रश्न मला अधूनमधून ऐकावा लागतो. परवा विचारणारे बागायतदार चाळिशीचे, सडपातळ, जेवणात तेल-तूप बेताचेच. तरीही एलडीएल २४०! वडील पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. हा दोष खाण्याचा नव्हे, आनुवंशिक आहे.

यकृताच्या पेशींवरील रिसेप्टर रक्तातले एलडीएल उचलून घेतात. या रुग्णांत ते जन्मतःच अपुरे असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे उलगडले. १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. स्टॅटिनची गोळी हे रिसेप्टर वाढवते. वाइन ते काम करीत नाही. तिने एचडीएल किंचित वाढते, पण ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाबही वाढू शकतो. गोळी सोडली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पूर्वीइतके. सणासमारंभाला एखादा पेला घेणाऱ्याशी मी वाद घालत नाही. न पिणाऱ्याने मात्र औषध म्हणून सुरुवात करू नये.

अशा रुग्णाच्या प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून त्यांना मुलांचे रक्त तपासायला सांगितले. “अहो, धाकटा दहाचाच आहे,” ते म्हणाले. तरीही दोघांना घेऊन आले. मुलीचे एलडीएल ठीक निघाले, धाकट्याचे २१०.