काका, गाल फुगवा

संपादकांना नव्या स्कॅन यंत्रांवर लेख हवा होता: किती स्लाइस, किती सेकंद, किती कोटी. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या सीटी विभागात त्यासाठीच गेलो, पण लक्ष गेलं ते तिथल्या टेक्निशियनबाईंकडे.

टेबलावर साठीचे एक गृहस्थ आडवे होते. बाई शेजारी उभं राहून तालीम घेत होत्या. "काका, गाल फुगवा. फुगा फुगवताना होतात तसे. ओठ घट्ट मिटा, श्वास नाकानं." काकांनी फुगवले, फुस्सकन हवा सुटली. "असू दे. परत." चौथ्या खेपेला हवा टिकली, तशा बाई काचेपलीकडे पळाल्या.

आपल्याकडे तंबाखू, गुटखा गालात धरून ठेवतात, त्यामुळे कॅन्सर बऱ्याचदा गालाच्या अस्तराला किंवा हिरडीलगत होतो. तोंड मिटलं की गाल हिरडीला चिकटतो आणि स्कॅनमध्ये दोन्हींचा मिळून एकच करडा पट्टा दिसतो. गाठ गालातून निघाली की हिरडीतून, काही कळत नाही. मध्ये हवा आली की ती काळी दिसते आणि गाठ उघडी पडते. वाइसमन आणि काराऊ या अमेरिकी डॉक्टरांनी २००१ साली ही युक्ती मांडली. एवढ्या महागड्या यंत्राचं काम गालभर हवेवाचून अडावं, याची मला गंमत वाटली.

मग येतो हाडाचा प्रश्न. जबड्याचा बाहेरचा कठीण थर कुठे कुरतडलाय ते सीटी नेमकं दाखवतं. आतल्या मगजात रोग शिरलाय का, हे पाहायला एमआरआय चांगलं. हाडाची नुसती कड कापायची की अख्खा तुकडा काढायचा, ते यावर ठरतं. पण एमआरआयला वेळ लागतो आणि तोवर माणूस आवंढा गिळतोच, की चित्र हललं. सीटीत दातांतली चांदी आडवी येते. तिच्या पांढऱ्या रेघांखाली नेमकी हवी ती जागा झाकली जाते.

खरी पंचाईत वेगळीच. सुपारी-गुटख्यानं गाल आतून आखडलेले असतात. कुणाचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, तर कुणाला गाल फुगवताच येत नाही. म्हणजे ज्याला या युक्तीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती जमत नाही. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे; टपरीवर जाऊन बघा.

उपचारानंतरही घाई चालत नाही. पेट स्कॅनमध्ये कॅन्सर चमकतो, पण रेडिएशनची सूजही चमकते, म्हणून साधारण १२ आठवडे थांबतात. ब्रिटनमधल्या ५६४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) केमो-रेडिएशननंतर असं थांबून पेट-सीटी केल्यानं बहुतेकांची मानेची शस्त्रक्रिया टळली, आणि आयुर्मानात तोटा झाला नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीला, उपचाराआधी, हिशेब मात्र निराळा. मानेतल्या ग्रंथींत दडलेला सूक्ष्म रोग कुठल्याच स्कॅनला हमखास दिसत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातले, मानेत गाठ न सापडलेले रुग्ण घेतले. मानेतल्या ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

त्यामुळे रिपोर्टात गाठ नसली तरी सर्जन मान उघडायला सांगतात. रिपोर्ट वाचून हायसं वाटलेल्या घरच्यांना हे पटवायला अर्धा तास तरी हवा, आणि ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते.