१९९८ची परभणी कोणत्या रकान्यात? डेटा वेअरहाऊसच्या सॉफ्टवेअरबद्दलचे गैरसमज

१९९१च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांच्या घरात होती. २००१ साली ती सुमारे १५ लाख २८ हजार भरली. हे दोन आकडे एका टेबलात एकाखाली एक टाकून आलेख मागितला, तर कोणतंही सॉफ्टवेअर, फुकटचं असो की लाखाचं, दहा वर्षांत जवळपास सहा लाख माणसं गायब झाली असं निमूटपणे काढून दाखवेल. माणसं कुठेच गेली नव्हती. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि कळमनुरी, वसमतसारखे तालुके परभणीतून निघाले. २००१ साली एकट्या हिंगोलीचीच लोकसंख्या सुमारे ९ लाख ८७ हजार होती.

डेटा वेअरहाऊसचं डिझाइन म्हणजे मुख्यतः असले प्रश्न आकडे भरण्याआधी सोडवून ठेवणं. पण शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक असो, पतसंस्थेचा व्यवस्थापक असो की संगणकशास्त्राचा विद्यार्थी, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणतं सॉफ्टवेअर टाकू?’ बहुतेक गैरसमज या प्रश्नाच्या आगेमागेच सापडतात.

‘ते मोठ्या कंपन्यांचं काम, त्याला सर्व्हर लागतो’

रोजच्या व्यवहाराच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणांहून एकत्र आणायच्या, जुनं न पुसता वर्षानुवर्षं जपायच्या आणि प्रश्न विचारायला सोप्या पडतील अशा मांडायच्या, एवढंच वेअरहाऊसचं काम. आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ साली याची मांडणी केली. १९९२ मध्ये बिल इनमन आणि १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांच्या पुस्तकांनी त्याला शिस्त दिली. त्या काळी याला भारी यंत्रं लागायची, हे खरं. आज हिशेब करून पाहा. जिल्ह्यात ५० महसूल मंडळं धरली आणि रोजच्या पावसाची प्रत्येकी एक नोंद ठेवली, तर वर्षाला १८,२५० ओळी होतात आणि वीस वर्षांत ३ लाख ६५ हजार. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप एवढं सहज पेलतो.

‘डिझाइनचं सॉफ्टवेअर बसवलं की वेअरहाऊस तयार’

इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक, डेटाबेस: प्रत्यक्ष नोंदी ठेवणारा, म्हणजे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ऑरेकल. दोन, मॉडेलिंगचं साधन: टेबलं आणि त्यांची नाती चित्रात मांडून त्यावरून टेबल तयार करण्याच्या आज्ञा लिहून देणारं. तीन, एक्सेलच्या फायली, पावसाचे तक्ते, मोंढ्यातल्या काटापट्ट्या उचलून, साफ करून आत भरणारं साधन. डिझाइनचं सॉफ्टवेअर म्हणजे यातलं फक्त दुसरं. ते बसवल्यावर हातात येतो तो कोरा कॅनव्हास.

निवडीचा क्रमही उलटा लागतो. आधी डेटाबेस ठरवा, मग मॉडेलर, कारण प्रत्येक मॉडेलर प्रत्येक डेटाबेसशी बोलत नाही. ऑरेकलचा एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर फुकट आहे आणि चांगला आहे, पण तो आज्ञा लिहून देतो त्या ऑरेकल, डीबी२ आणि एसक्यूएल सर्व्हरसाठी. मायएसक्यूएल वर्कबेंच मायएसक्यूएलपुरताच. पोस्टग्रेस घेणार असाल तर त्याच्याबरोबर येणाऱ्या पीजीॲडमिनमध्ये चित्र काढून त्यावरून एसक्यूएल करून घेण्याची सोय आहे, आणि डीबीव्हर कम्युनिटी आहे त्या टेबलांचं चित्र नीट दाखवतं. लहान संस्थेसाठी माझं मत पोस्टग्रेसच्या बाजूने आहे. परवान्याची भानगड नाही, ओळींच्या संख्येची भीती नाही.

परवान्यावरून आठवलं. ‘फुकट’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचावं. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती फुकट मिळते, सगळ्या सोयींसह मिळते, पण ती शिकायला आणि चाचणीला. संस्थेचा रोजचा कारभार तिच्यावर चालवायची परवानगी नाही.

‘बसवणं म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’

नव्वद टक्के तसंच आहे, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत महिनाभराची डोकेदुखी. विंडोजवर पोस्टग्रेस टाकताना इन्स्टॉलर ‘पोस्टग्रेस’ नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी पासवर्ड मागतो. तो तिथल्या तिथे कागदावर लिहा. मग पोर्ट विचारतो, नेहमीचा ५४३२. तिथे आपोआप ५४३३ दिसला तर बहुतेक करून मशीनवर आधीचं पोस्टग्रेस बसलेलं आहे. ते तपासल्याशिवाय पुढे गेलात, तर उद्या मॉडेलर एका पोस्टग्रेसला जोडलेला आणि डेटा दुसऱ्यात, असा खेळ सुरू होतो. डेटा ठेवायच्या फोल्डरचा पत्ता इंग्रजी अक्षरांतला, मोकळ्या जागा नसलेला ठेवलेला बरा. शेवटी स्टॅक बिल्डर उघडू का असं विचारतो. सुरुवातीला त्याची गरज नसते, टिक काढून टाका. ऑरेकलचा मॉडेलर घेतलात तर तो पहिल्यांदा उघडताना जावाचा पत्ता मागू शकतो. तिथे ६४-बिट मशीनवर ३२-बिट जावा दाखवणं ही नेहमीची चूक.

इंटरनेट फक्त फाइल उतरवून घेण्यापुरतं लागतं. एकदा पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर आला की पालम तालुक्यातल्या एखाद्या गावातही काम अडत नाही.

‘मराठी चालत नाही, सगळं इंग्रजीतच भरावं लागतं’

यूटीएफ-८ निवडलेल्या डेटाबेसात मराठी व्यवस्थित चालतं. घोळ होतो तो आधीच्या पायरीवर. एक्सेलमधून नुसत्या ‘सीएसव्ही’ प्रकारात फाइल जतन केली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. गंगाखेडचं ‘???????’ होतं आणि ते परत गंगाखेड होत नाही, कारण मूळ अक्षरंच फाइलमध्ये उरलेली नसतात. जतन करताना यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा प्रकार निवडायचा. त्या प्रकाराच्या फाइलमध्ये अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह असतं. म्हणून पहिली ओळ शीर्षकाची आहे असं भरताना सांगितलं नाही, तर ते चिन्ह पहिल्या नोंदीला चिकटतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली जुनी माहिती असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. तिथे सुटका नाही.

याहून चिवट प्रकार ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’चा. हे जोडाक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. पण गावाच्या नावात ते अक्षर असेल आणि तलाठ्याच्या यादीत एक तऱ्हा, कृषी सहायकाच्या यादीत दुसरी असेल, तर डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावं. जोडणी होत नाही, गाव अहवालातून गळतं, आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे गावं नावाने जोडू नयेत. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला सांकेतांक दिलेला आहे, तो वापरावा. आणि सांकेतांकाचा रकाना मजकूर प्रकाराचा ठेवावा, कारण एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं.

‘तालुक्याची सरासरी ठेवली तरी पुरे’

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, कारण तो कळेपर्यंत डेटा भरून झालेला असतो.

वेअरहाऊसमध्ये मोजमापांच्या टेबलाला फॅक्ट टेबल म्हणतात. ते आखण्याआधी एक वाक्य लिहावं लागतं: या टेबलातली एक ओळ म्हणजे काय? धंद्यातली माणसं याला ग्रेन म्हणतात. पावसाचं उदाहरण घेऊ. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की शासनाच्या निकषाने ती अतिवृष्टी. समजा एका तालुक्यातल्या चार मंडळांत एका दिवशी ९०, ४०, ३५ आणि ३० मिलिमीटर पाऊस पडला. तालुक्याची सरासरी ४८.७५. तालुका हा ग्रेन धरून टेबल आखलं असेल तर त्या दिवशी तालुक्यात अतिवृष्टी झालीच नाही. ज्या मंडळात ९० मिलिमीटर पडला तिथला शेतकरी पंचनाम्याच्या वेळी काय म्हणेल, ते परभणीत सांगायची गरज नाही. मंडळाच्या नोंदींवरून तालुक्याची सरासरी कधीही काढता येते. सरासरीवरून मंडळ परत मिळत नाही.

तारखेतही मेख आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस २ तारखेच्या रकान्यात येतो. पुराच्या बातम्या, धरणाचा विसर्ग आणि पाऊस एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर हे टेबलाच्या वर्णनात लिहून ठेवलेलं हवं.

भावाचंही तसंच. सकाळी १० क्विंटल सोयाबीन ४,००० रुपयांनी गेलं, दुपारी ९० क्विंटल ४,४०० रुपयांनी. दोन भावांची सरासरी ४,२००. प्रत्यक्षात आलेले ४ लाख ३६ हजार रुपये १०० क्विंटलवर वाटले तर ४,३६०. क्विंटलमागे १६० रुपयांचा फरक नुसत्या आखणीने पडतो. म्हणून फॅक्ट टेबलात वजन आणि रक्कम ठेवायची, कारण त्यांची बेरीज करता येते. भाव हवा तेव्हा भागाकाराने काढायचा. कापसात आणखी सांभाळावं लागतं. मोंढ्यात तो क्विंटलमध्ये मोजला जातो आणि सरकीसकट असतो, तर सरकारी उत्पादनाचे आकडे १७० किलो रुईच्या गाठींत असतात. दोन्ही एका रकान्यात गेले तर त्या रकान्याला अर्थ उरत नाही.

‘तीच माहिती पुन्हा पुन्हा साठवणं चूक’

पदवीला डेटाबेस शिकलेल्यांचा हा आक्षेप असतो, आणि व्यवहाराच्या डेटाबेससाठी तो बरोबर आहे. एडगर कॉडने १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत पुनरुक्ती टाळण्यावर भर असतो. किंबॉलच्या तारांकित आराखड्यात मात्र मधोमध फॅक्ट टेबल आणि भोवती वर्णनाची, म्हणजे डायमेन्शनची टेबलं असतात. त्यात ‘मराठवाडा’ हा शब्द शेकडो ओळींत मुद्दाम आलेला चालतो. जागा थोडी जास्त जाते, प्रश्न विचारणं सोपं होतं. तारखेचं टेबलही असंच भरभरून आखावं: दिवस, महिना, आर्थिक वर्ष, खरीप की रब्बी, आणि ऑक्टोबरपासून सुरू होणारा कापसाचा हंगाम. २०२४च्या खरिपातलं सोयाबीन शेतकऱ्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये विकलं, तर विक्रीची तारीख एक आणि पिकाचा हंगाम दुसरा. दोन्ही लागतात, दोन्ही ठेवायचे.

‘जिल्हा-तालुका म्हणजे स्थिर माहिती, एकदा भरली की झालं’

सुरुवातीच्या सहा लाखांचं उत्तर इथे आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. अठरा वर्षांनी हिंगोली गेली. औरंगाबादचं नाव बदललं, परभणीतल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नावापुढे २०१३ मध्ये वसंतराव नाईक हे नाव लागलं.

अशा बदलांसाठी किंबॉलच्या पद्धतीत प्रकार ठरलेले आहेत. नुसतं नाव बदललं तर जुनं खोडून नवं लिहिलं तरी भागतं. हद्द बदलली तर खोडू नये, नवी ओळ घालावी. कळमनुरीची एक ओळ: जिल्हा परभणी, ३० एप्रिल १९९९ पर्यंत लागू. दुसरी ओळ: जिल्हा हिंगोली, १ मे १९९९ पासून लागू. दोघींना डेटाबेसने दिलेला स्वतंत्र क्रमांक आणि १९९८च्या नोंदी पहिल्या क्रमांकाला बांधलेल्या. शिवाय दोन्ही ओळींत ‘आजचा जिल्हा’ असा एक जादा रकाना, त्यात हिंगोली. मग ‘तेव्हाच्या परभणीत कापूस किती’ आणि ‘आजच्या परभणीच्या हद्दीत तेव्हा कापूस किती’ या दोन्ही प्रश्नांना वेगवेगळी आणि बरोबर उत्तरं मिळतात. अट एकच: जुने आकडे तालुकावार मिळायला हवेत. फक्त जिल्ह्याची बेरीज हाती असेल तर कोणताही मॉडेलर ती फोडून देणार नाही.

हल्ली एआयला सांगून टेबलं आखून घेता येतात, आणि आखणी दिसायला नेटकी असते. पण परतूर कधी गेलं हे विचारायचं त्याला सुचत नाही. ते आपणच सांगावं लागतं.

‘लाईट गेली की डेटा गेला’

भारनियमनाच्या मुलखात ही भीती साहजिक आहे. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका क्रमवार लॉगमध्ये लिहितं आणि मग टेबलात नेतं, जसं पेढीवर आधी किर्द आणि मग खतावणी. मधेच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ते लॉग वाचून स्वतःला सावरतं, अर्धवट व्यवहार टाकून देतं. वेग वाढवण्यासाठी कुणी ‘एफसिंक’ बंद करायचा सल्ला दिला तर ऐकू नका. हेच संरक्षण त्याने निघून जातं.

डिस्कच जळाली तर मात्र लॉग काही करू शकत नाही. त्यासाठी ‘पीजी_डंप’ने रोज रात्री प्रत काढायची, ती दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्या इमारतीत ठेवायची, आणि अधूनमधून रिकाम्या डेटाबेसात भरून ती खरोखर उघडते का ते पाहायचं. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, तेव्हा कधीतरी नवी आवृत्ती घ्यावी लागतेच. त्या वेळीही हीच प्रत उपयोगी पडते.

आणि बसवताना दिलेला तो पासवर्ड. तो एकाच ऑपरेटरला ठाऊक असतो आणि ऑपरेटर नोकरी सोडून पुण्याला जातो. अशा वेळी सगळं काढून पुन्हा बसवायची गरज नसते. मशीनवर ॲडमिनचे हक्क असतील तर ‘पीजी_एचबीए’ नावाच्या फाइलमध्ये तात्पुरता बदल करून, पासवर्डशिवाय आत शिरून, नवा पासवर्ड लावता येतो. तो लावल्यावर फाइल लगेच पूर्ववत करा, नाहीतर त्या बदलाच्या कक्षेतल्या कुणालाही पासवर्डशिवाय आत येता येईल.