कॉलमला कार्बनचं कापड गुंडाळण्याआधी आतला गंज बघा

आगाशी : ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. तेव्हापासून आपण सगळेच घराचे कॉलम जरा निरखून बघतो. त्यातच ‘कॉलमला कार्बन फायबर गुंडाळून देतो, तोडफोड नाही, लगेच काम’ असं सांगणारेही भेटतात. हे काम खोटं नाही. पण ते कधी करायचं, हे समजून घ्या.

ओली वाळू जमिनीवर ओतून वर पाय दिला तर ती बाजूला पसरते. तीच वाळू पोत्यात गच्च भरून तोंड शिवलं, तर त्यावर उभं राहता येतं. काँक्रीटचं तसंच. भार वाढला की ते बाजूला फुगायला बघतं आणि शेवटी फुटतं. आतल्या रिंगा त्याला आवळून धरतात. जुन्या बांधकामात रिंगा लांब लांब बांधलेल्या असल्या तर ही पकड कमी पडते. मग बाहेरून पोतं चढवायचं. हे पोतं म्हणजे कार्बनच्या किंवा काचेच्या तंतूंचं कापड. इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनात भिजवून ते कॉलमभोवती आडवं गुंडाळतात, वाळलं की कडक कवच होतं. एक थर जेमतेम मिलिमीटरभर. काँक्रीटचं जॅकेट केलं तर प्रत्येक बाजूला तीन-चार इंच जातात, घराचं वजनही वाढतं.

भूकंपात याचा उपयोग जास्त. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर पुलांचे खांब असे बरेच गुंडाळले गेले. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्के बसतायत, म्हणजे विषय आपल्या जिल्ह्याचाही आहे.

फायदा सगळ्यात जास्त गोल कॉलमला. चौकोनी कॉलमचे कोपरे आधी घासून गोल करावे लागतात, नाहीतर कापड कोपऱ्यावरच तुटतं. आणि आपल्याकडचे ९ इंच रुंद, लांबट कॉलम? त्यांची लांब बाजू मधोमध फुगतेच, तिथे पकड कमी.

आता आपल्या गावाची गोष्ट. अर्नाळ्याचा समुद्र जवळ, हवा खारी. बांधकामाला खारं पाणी वापरलं असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत. मीठ सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि आतून काँक्रीट फोडतं. म्हणून सळईच्या रेषेत उभी चीर दिसते. माझ्या ओटीच्या कॉलमला अशी चीर होती. गवंड्याने वरून सिमेंट थापलं, रंग दिला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चीर तिथेच हजर!

अशा कॉलमवर थेट कापड गुंडाळलं तर तेच होणार, फक्त दिसणार नाही. गंज आत चालू राहतो, बाहेर कॉलम गुळगुळीत.

खरं काम असं : आधी बीमखाली टेकू. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई घासून स्वच्छ करायची, बारीक झाली असेल तर नवी जोडायची, मग दुरुस्तीच्या मॉर्टरने भरायचं. ते सुकल्यावर कापड. ओल्या कॉलमवर इपॉक्सी नीट धरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात घाई नको. हवेचे बुडबुडे रोलरने काढायचे. शेवटचा थर ओला असताना त्यावर वाळू मारायची, म्हणजे प्लास्टर धरतं. प्लास्टर हवंच, कारण इपॉक्सी आगीत टिकत नाही, उन्हानेही खराब होतं.

त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करा. काँक्रीटवर एक द्रव शिंपडतात, गुलाबी झालं तर चांगलं मानतात. पण आपल्या खाऱ्या पट्ट्यात तेवढ्यावर थांबू नका. गुलाबी काँक्रीटमध्येही मीठ असू शकतं. क्लोराइडची चाचणी वेगळी मागा.

वर मजला चढवायचा म्हणून कॉलम गुंडाळणाऱ्यांना एकच प्रश्न : पायाला कोण गुंडाळणार? भार शेवटी तिथेच उतरतो, आणि फुटिंगला या कापडाचा काही उपयोग नाही. गळक्या स्लॅबलाही नाही.

तोवर घरी एवढं करता येईल. छोट्या हातोडीने कॉलम हलके ठोका. पोकळ आवाज आला, उभी चीर किंवा तांबूस डाग दिसला, तर खडूने खूण करून तारखेसह फोटो काढा आणि इंजिनीअरला दाखवा. काँक्रीटचे तुकडे पडत असतील, सळया उघड्या पडल्या असतील किंवा चीर वाढताना दिसत असेल, तर ठोकत बसू नका, घर रिकामं करा.