घोडा, चाप आणि परवाना

वेस्टर्न सिनेमातल्या सिंगल अॅक्शनचं वेड, आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर आणि अकोला-अमरावती प्रवास करणारी एक फाइल...

तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं, पण अजूनही चालू असलेलं यंत्र कोणतं? आईचं शिलाई मशीन? बाबांची राजदूत? आजीचा पितळी स्टोव्ह? माझ्या एका मैत्रिणीला हा प्रश्न विचारला तर ती दोन सेकंद गप्प बसते. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणते, "रिव्हॉल्व्हर."

मैत्रीण अमरावतीत एका बँकेत लोन सेक्शनला आहे. वय २९. घर अकोल्याला, दर शनिवारी संध्याकाळी गाडी तिकडे वळते. दिवसभर ईएमआय आणि सिबिल स्कोअर. मोबाइलचा वॉलपेपर मात्र कुठल्या हिरोचा नाही, डोंगरदऱ्यांचाही नाही. तिथे आहे १८७३ सालचं कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी! नाव छापायचं नाही ही तिची पहिली आणि शेवटची अट. बरोबरच आहे. घरात हत्यार आहे हे गल्लीभर व्हावं असं कुठल्याच शहाण्या परवानाधारकाला वाटत नाही.

आता हे सिंगल अॅक्शन म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. (मलाही तिनेच समजावलं, टपरीवर, दोन चहा संपेपर्यंत.) आपल्या मराठीत यासाठी छान शब्द आहेत. मागचा तो खटका, जो काडतुसावर आपटतो, तो घोडा. बोटाने ओढायचा तो चाप. साध्या, म्हणजे डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की तोच घोडा मागे नेतो आणि तोच सोडतो. सिंगल अॅक्शनमध्ये चाप एकच काम करतो, घोडा सोडण्याचं. प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा स्वतः मागे ओढावा लागतो. त्याबरोबर सहा घरांचं चक्र एक घर पुढे सरकतं. वेस्टर्न सिनेमात हिरो बोलण्याआधी जो 'क्लिक-क्लिक' आवाज येतो ना, तो हा. अस्सल जुन्या कोल्टमध्ये असे चार क्लिक येतात. शौकीन लोक म्हणतात, ते कोल्ट हे नाव इंग्रजीत उच्चारतं, अक्षरागणिक एक क्लिक!

सिनेमात जे दाखवत नाहीत तेही ऐका. या सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाणकार माणूस पाचच गोळ्या भरायचा. घोडा ज्या घरावर टेकलेला असतो ते रिकामं. कारण घोड्याचं टोक थेट काडतुसावर बसतं. रिव्हॉल्व्हर नुसतं जमिनीवर पडलं तरी बार उडू शकतो. वायट अर्प हे वेस्टर्नमधलं केवढं मोठं नाव! १८७६ मध्ये विचिटा गावात खुर्चीवर बसलेला असताना त्याचंच रिव्हॉल्व्हर खाली पडलं आणि गोळी सुटली. जीव वाचला, एवढंच. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आतली रचना बदलून हा धोका काढला. तोपर्यंत शंभर वर्षं लोक 'पाच भरा, सहावं रिकामं' याच नियमावर जगले.

गंमत म्हणजे कोल्टने हे मॉडेल दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलं होतं. मग अमेरिकेत टीव्हीवर वेस्टर्न मालिकांची लाट आली आणि १९५६ मध्ये कंपनीला ते पुन्हा सुरू करावं लागलं. तिकडे आज ते विकत घ्यायचं, हस्तिदंती मूठ लावायची, नक्षी कोरायची, आतले स्प्रिंग हलके करून घ्यायचे, नळी कापून आखूड करायची, असा अख्खा शौक आहे. लोक गाड्या मॉडिफाय करतात तसा.

आणि आमच्या अकोल्यात?

तर, कोल्ट तिच्याकडे नाही. तिच्याकडे आहे वेब्ली अँड स्कॉट, पॉइंट ३२, बर्मिंगहॅमचं. आजोबांचं. ते मधोमध मोडतं, घडीच्या चाकूसारखं. वरचा खटका दाबून नळी खाली झुकवली की सगळी रिकामी काडतुसं एकदम बाहेर. (कोल्टमध्ये बाजूच्या झडपेतून एकेक ढकलून काढावी लागतात.) वेब्ली तशी डबल अॅक्शन. पण हिने ठरवलंय, रेंजवर आपण ती सिंगल अॅक्शनच चालवायची. आधी अंगठ्याने घोडा ओढायचा, श्वास सोडायचा, मग चाप. यात नुसती स्टाइल नाही. घोडा आधीच मागे असला की चाप हलका लागतो आणि नेम कमी हलतो. काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी! मला तर हे फारच आवडलं. बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर, खडकीची गोळी आणि अकोल्याची पोरगी.

पॉइंट ३२ हा आकडा इथे महत्त्वाचा. इंग्रजी फौजेचं मोठं वेब्ली पॉइंट ४५५ चं होतं. भारतीय कायद्यात पॉइंट ३८० आणि पॉइंट ४५५ ची काडतुसं चालतील अशी रिव्हॉल्व्हर 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतात. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, थेट केंद्र सरकारकडे जावं लागतं. म्हणूनच आपल्याकडच्या घरांमध्ये दिसतं ते पॉइंट ३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये आणलेलं 'निर्भीक' आणि २०२३ मधलं 'प्रबल' हीसुद्धा पॉइंट ३२ चीच. 'निर्भीक' बायकांच्या पर्ससाठी म्हणून गाजवलं गेलं होतं. पर्समध्ये रिव्हॉल्व्हर असलं म्हणजे बाई सुरक्षित, हे गणित मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मैत्रिणीलाही नाही. ती वेब्ली कधीच सोबत नेत नाही. ते लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या किल्लीत.

मग कस्टमायझेशनचं काय? बॉस, इथेच सगळी हवा निघते. शस्त्र कायद्याचं कलम ५ म्हणतं, दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या कारागिरानेच करायची. कलम ६ म्हणतं, नळी आखूड करायची नाही, खेळण्यातल्या किंवा नकली बंदुकीची खरी बनवायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप. पॉलिशसुद्धा जपून! कारण शस्त्रावरचा नंबर पुसणं किंवा बदलणं हा वेगळा गुन्हा आहे आणि उत्साहाच्या भरात घासून घासून नंबर पुसट झाला तर सांगणार कोणाला? म्हणून तिने वेब्लीचा जुना, जागोजागी उडालेला निळसर रंग तसाच ठेवलाय. खरे शौकीन तसंही म्हणतात, नवा मुलामा चढवला की जुन्या हत्याराची किंमत गेली.

बदलली ती फक्त मूठ. मूळ मुठीची एक बाजू तडकली होती. परतवाड्याच्या एका सुताराने मेळघाटातल्या जुन्या सागवानाच्या दोन पट्ट्या घासून दिल्या. त्याला समोर रिव्हॉल्व्हर नव्हतंच, फक्त कागदावर काढलेला आकार. "कायची मूठ हाय हे?" असं त्याने विचारलं तेव्हा हिने "शोपीसची" म्हणून वेळ मारून नेली. बसवण्याचं काम परवानाधारक दुकानातल्या मिस्त्रीने केलं, पावतीसकट. परतवाडा ही एकेकाळी एलिचपूरची लष्करी छावणी, आणि मेळघाटच्या लाकडाची पेठही. तेव्हा मूठ तिथून यावी हे ठीकच झालं म्हणायचं.

पण हे सगळं झालं नंतर. त्याआधी घरात जे घडलं ते ऐकायला मी एका रविवारी अकोल्याला गेले.

काका, म्हणजे तिचे वडील, शेतकरी. बाळापूर रोडच्या पुढे कपाशी, तूर, हरभरा. त्यांनी वेब्ली उघडून, चक्र रिकामं आहे हे मला दाखवूनच हातात दिली. "भरेल अन् रिकामी सारखीच दिसते बेटा. म्हणून पयले पाहून घ्याव." माझ्या हातात ती अपेक्षेपेक्षा जड वाटली आणि थंड. अकोल्याच्या मे महिन्यात थंड वाटणारी दुसरी वस्तू मला आठवत नाही.

कपाटात आतल्या बाजूला तीन खुंट्या. एका खुंटीवर रानडुकरांच्या बंदोबस्तासाठीची बारा बोअर दुनळी. एकीवर वेब्लीचा चामडी पट्टा, नुसताच. (हत्यार चामड्यात ठेवून द्यायचं नसतं, चामडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं. हेही मला नवीन.) तिसरी खुंटी रिकामी.

तिथे आजोबांची पॉइंट २२ रायफल होती. आजोबांनी घेतलेलं पहिलं हत्यार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला, पण रायफल राहिली, दर दसऱ्याला झेंडूची माळ घालून घेत. जुन्या कायद्याने एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत होती. काकांच्या परवान्यावर बरोबर तीन. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. सरकारच्या मूळ विधेयकात तर एकच होतं. घराण्याची हत्यारं असणाऱ्यांनी देशभर आरडाओरडा केला आणि मर्यादा दोनवर आली. जास्तीचं हत्यार वर्षभरात, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. वारशाने आलेल्या हत्यारांनाही सूट नाही.

कोणतं द्यायचं? बारा बोअर गेली तर शेतात काय करणार? वेब्लीचा उपयोग शून्य, पण लेकीचा तिच्यावर जीव. शेवटी रायफल गेली. काका स्वतः घेऊन गेले, पुसून, तेल देऊन. "मायबापानं पोरगी सासरी धाडावं तशी धाडली," म्हणाले आणि हसले. मला नीट हसता आलं नाही.

खरी चुटपुट पुढे आहे. ही मर्यादा माणशी आहे, घराची नाही. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसासाठी परवाना मागू शकतो. आजोबा १९८८ मध्ये गेले. हत्यारं काकांच्या नावावर १९८९ पासून. म्हणजे रायफल जाण्याआधीच वेब्ली लेकीच्या नावावर करता आली असती. मग काकांकडे दोन, हिच्याकडे एक आणि तिसरी खुंटी भरलेली!

"कोनं सांगतलं आमाले?" काका म्हणाले. "सातबाऱ्याचं सारं माहीत राह्यते आमाले, परवान्याचं कोन पाह्यते?"

म्हणून मग लेकीने ठरवलं, वेब्लीचं तरी रीतसर करायचं. इथून सुरू झाली फाइल. काकांचा परवाना अकोल्याचा, तिथे परवाना देणारे जिल्हाधिकारी. ती राहते अमरावती शहरात आणि तिथे पोलीस आयुक्तालय असल्याने परवाना देणारे पोलीस आयुक्त. हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, हत्यार कुठे आणि कसं ठेवणार याची लेखी हमी, भावाची ना-हरकत, पोलीस चौकशी, मग राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक नंबर. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस रेकॉर्ड झाला होता. त्याच रस्त्याने ये-जा करणाऱ्या आमच्या फाइलला तेवढी घाई नव्हती. आणि खरं सांगू? नसावीच. रिव्हॉल्व्हर आहे ते, सिमकार्ड नाही.

चौकशीला आलेल्या हवालदाराने तिला विचारलं, "मॅडम, तुम्हाला धोका कोणापासून आहे?" ती म्हणाली, "कोणापासूनच नाही. आजोबांचं आहे म्हणून पाहिजे." त्याने पेन थांबवलं, दोन क्षण विचार केला आणि लिहिलं, 'वारसा'.

स्थळं येतात तेव्हा हा विषय कधी काढायचा, यावर घरात दोन पक्ष आहेत. आईचं म्हणणं, साखरपुड्यानंतर. हिचं म्हणणं, पहिल्याच भेटीत, म्हणजे नको असलेले आपोआप गळतील. आतापर्यंत दोन गळले. तिसऱ्याने मात्र "बघता येईल का?" असं विचारलं. तो इंजिनीअर निघाला आणि अर्धा तास फक्त चक्राच्या खटक्याबद्दलच बोलत बसला. पुढचं अजून ठरलेलं नाही!

परवाना २०२३ मध्ये झाला, पाच वर्षांचा. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही मुदत तीनच वर्षं असायची. आणि लगेच २०२४ उजाडलं. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. आचारसंहिता लागली की ज्यांना नोटीस येते त्यांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं. हिला दोन्ही वेळा आली. वर्षात दोनदा वेब्ली ठाण्यात राहून आली. दोन्ही वेळा परत घेताना हिने तिथेच टेबलावर नंबर पावतीशी ताडून पाहिला, उघडून चक्र रिकामं असल्याची खात्री केली, मग सही केली. ठाण्यातला जमादार म्हणे, "एवढं तं आमचे लोकं बी नाई पाहत."

हे वाचताना कोणाला गावाकडच्या कपाटातली आजोबांची बंदूक आठवली असेल, तर पुढच्या सुट्टीत एवढंच करा. परवाना कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, युनिक नंबर पडलाय का आणि वडिलांचं वय किती, हे बघा. नाव अजून गेलेल्या माणसाचंच असेल, तर आधी वकिलाला गाठा. परवाना नसलेल्या हातात ते हत्यार बेकायदाच असतं, मग ते कितीही लाडकं असो.

मैत्रिणीचा पुढचा प्लॅन तयार आहे. सागवानी मुठीवर अजून एक हात तेलाचा, हिवाळ्यात रेंजवर खडकीची २५ काडतुसं आणि कोल्ट? ती हसते. "ते वॉलपेपरवरच बरंय. त्याला पोलीस व्हेरिफिकेशन लागत नाही."