घड नसलेल्या बागेत

एप्रिलच्या शेवटी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षांची एखादी छोटी बाग बघायला आलेले पाहुणे आधी हिरमुसतात. घड नाहीत, सावली नाही. तारांवर बांधलेले उघडे ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, आणि त्यांवर बोटभर फुटवे. तोडणी मार्चपर्यंतच उरकलेली असते. बाग बघायची खरी वेळ मात्र मला हीच वाटते, कारण पुढच्या हंगामात वेलीवर किती घड लागणार, हे याच दिवसांत ठरतं.

थंड मुलखात द्राक्षवेल हिवाळाभर झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. नाशिकच्या थंडीत तिला तशी झोप लागत नाही. म्हणून पीक एकच, पण छाटण्या दोन: उन्हाळ्याच्या तोंडावर खरड छाटणी आणि पाऊस सरताना गोडी छाटणी. खरडीत जुनी काडी एक डोळा, म्हणजे अंकुर, राखून कापतात. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या हे काम बहुधा उक्तं घेतात. त्यांची कात्री भराभर चालते, तरी डोळा राखायचं भान सुटत नाही.

डोळे फुटले की विरळणी. कमकुवत फुटवे काढायचे, गर्दी मोडायची. उरलेल्या काडीला सात-नऊ पानं आली की शेंडा खुडतात, मग बगलेतून सबकेन, म्हणजे उपकाडी, निघते. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत, नजरेला न दिसणारा घड आकार घेऊ लागतो. त्याला भरपूर ऊन लागतं. पानांची दाटी झाली, नत्र जास्त पडलं किंवा आभाळ भरून राहिलं, की घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते, आणि ते कळतं थेट गोडी छाटणीनंतर. तेव्हा काही करता येत नाही. पाण्याचाही तोल राखावा लागतो. मे महिन्यात शेततळ्याचा तळ दिसू लागतो, आणि तरी ठिबक ना बंद ठेवता येतं, ना सैल सोडता येतं. म्हणून बुडाशी पाचटाचं आच्छादन घालतात.

बागेतून आत, वाइन चाखायच्या टेस्टिंग रूममध्ये हवा एकदम गार. राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि २००५ मध्ये सुलाची टेस्टिंग रूम उघडली. त्यानंतर बागेत बसून चव घेण्याची रीत नाशिकला रुळली. छोट्या बागेत ओतणारा माणूस बहुतेक वेळा घरचाच असतो. याच हंगामाची शेनिन ब्लाँ आधी: फिकट, फळाच्या वासाची, जिभेला थोडी आंबट. नाशिकच्या उन्हात द्राक्षातली आम्लता झपाट्याने उतरते. तो आंबटपणा टिकलेला असेल, तर तोडणीचा दिवस नेमका साधला असं समजावं. शिराझ अजून पिंपात असते, म्हणून तिची मागच्या हंगामाची बाटली उघडतात. पेला फिरवावा, हुंगावा, घोट तोंडात घोळवावा; थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते संकोच न करता वापरावं.

पाहुण्यांना आधी बागेत फिरवून मग पेल्याकडे आणणारे बागायतदार मला जास्त आवडतात. या शेनिनचे घड गेल्या मे महिन्यात डोळ्यात धरले होते, हे तिथे काडी हातात घेऊन सांगता येतं. छोट्या बागेला शहरातल्या दुकानाच्या फळीवर जागा मिळणं कठीण. तिथे मधल्यांचा वाटाही जातो. टेस्टिंगच्या टेबलावर विकलेल्या बाटलीचे पैसे मात्र बागेतच राहतात, आणि मे-जूनमध्ये मजुरी, पाणी, खत यांचा खर्च चालू असताना ते फार कामाला येतात.