विरार लोकल ते बॅटरीची रिक्षा

एप्रिल १८६७मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल सुटली, ती वाफेवर. भट्टीत टाकलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी दहावा हिस्साही चाकापर्यंत पोचत नसे. १९३६मध्ये विजेची तार विरारला आली. २०१२मध्ये १,५०० व्होल्टच्या डीसीची जागा २५,००० व्होल्टच्या एसीने घेतली आणि तारांमधली गळती घटली. नव्या गाड्या तर ब्रेक लावताना वीज तारेला परत देतात. माणशी इंधनाची एवढी मोठी बचत इथे बहुधा दुसऱ्या कशानेच झालेली नाही, पण तिचं श्रेय आपण लोकलला कधी दिलं नाही.

रस्त्यावर वेगळंच घडलं. स्टेशनबाहेरच्या रिक्षा पेट्रोलवरून सीएनजीवर गेल्या. धूर कमी झाला, श्वास मोकळा झाला; हा फायदा खरा आहे. सीएनजी जळताना कार्बन डायऑक्साइडही पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी निघतो. पण विहिरीपासून पंपापर्यंत गळणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापदायक ठरतो. थोडी गळतीही ही कमाई खाऊन टाकते.

पेट्रोलमध्ये २००३पासून ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२५मध्ये प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. ऊस वाढताना हवेतला कार्बन शोषतो, हे बरोबर. पण खत, पंपाची वीज आणि पाणी? नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. शिवाय लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांशच.

आता बॅटरीच्या रिक्षा आल्या. देशातल्या विजेच्या युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. शंभर किलोमीटरला सात-आठ युनिटं धरली, तर पाच-साडेपाच किलो. सीएनजी रिक्षाचे तेवढ्याच अंतराला नुसते जळण्याचेच आठेक किलो होतात. आठ युनिटांची बॅटरी बनवताना अर्धा-पाऊण टन उत्सर्जन आधीच झालेलं असतं; रोज शंभर किलोमीटर धावणारी रिक्षा ते सात-आठ महिन्यांत फेडते. दारात उभी राहणारी गाडी इतक्या लवकर फेडत नाही. म्हणून बॅटरीच्या गाड्यांवरची सवलत आधी दिवसभर धावणाऱ्या रिक्षा-बसला मिळावी, असं मला ठामपणे वाटतं.

वीज कुठली, हा प्रश्न आपल्या विरारच्याच जिल्ह्यात उभा आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९मध्ये सुरू झालं आणि डहाणूचं औष्णिक केंद्र कोळशावर चालतं. वीज दोन्हीकडून जाळ्यात जाते, आणि डहाणूसारख्या केंद्रांचा वाटा घटेल तशी तीच रिक्षा दरवर्षी आपोआप स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही.

हाच हिशेब खाडीतल्या वाहतुकीलाही लावायला हवा. फेब्रुवारी २०२४पासून गाड्या वाहून नेणारी वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू आहे. महामार्गाने अडतीसेक किलोमीटरचा वळसा, खाडीतून साडेतीनच्या आसपास. बोट डिझेलवर चालते, तेव्हा रिकाम्या फेरीचा भारही मोजायला हवा: फेरीमागे डिझेल किती आणि गाड्या किती, हे आकडे दर महिन्याला जेट्टीवर लावावेत.