शरीरातील यादवी

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? ही म्हण राज्यकारभाराला जशी लागू पडते, तशीच ती कधी कधी आपल्या देहालाही लागू पडते. ‘ल्युपस’ हा विकार त्यांतलाच. लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा, संस्कृतातला वृक. रुग्णाच्या चेहऱ्यावरचे व्रण पाहून जुन्या युरोपीय वैद्यांना लांडग्याच्या चाव्याची आठवण झाली, असे सांगतात. पण हा लांडगा रानातून येत नाही. तो घरचाच असतो.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. काही पेशी जंतूंना गिळतात, ‘बी’ पेशी प्रतिपिंडे नावाची अस्त्रे घडवतात, तर ‘टी’ पेशी कोणाला चेतवायचे आणि कोणाला आवरायचे ते पाहतात. आपले कोण आणि परके कोण, हा धडा त्यांना आधीच मिळालेला असतो. ल्युपसमध्ये नेमका हाच धडा विसरला जातो आणि देहात यादवी माजते.

या यादवीचा एक पुरावा १९४८ साली डोळ्यांना दिसला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज व त्यांचे सहकारी रुग्णांची अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. तेथे त्यांना एक चमत्कारिक पांढरी पेशी आढळली. तिच्या पोटात जंतू नव्हता. दुसऱ्या एका पेशीचे केंद्रच तिने गिळले होते! पुढे १९५७ साली, पेशीकेंद्रातील डीएनएवरच उलटणारी प्रतिपिंडे या रुग्णांच्या रक्तात सापडली.

हे घडते कसे? आपल्या शरीरात रोज कोट्यवधी पेशी मरतात आणि सफाई करणाऱ्या पेशी त्यांची बिनबोभाट विल्हेवाट लावतात. ल्युपसमध्ये ही सफाई रेंगाळते आणि मेलेल्या पेशींचे डीएनए उघड्यावर पडते. त्यात आणखी एक भर. काही पांढऱ्या पेशी जंतू पकडण्यासाठी स्वतःच्या डीएनएच्या धाग्यांचे जाळे फेकतात, हे २००४ साली उमगले. ल्युपसमध्ये अशी जाळी जंतू नसतानाही फेकली जातात. हा पसारा पाहून टेहळणी करणाऱ्या पेशींना वाटते, विषाणूंची धाड आली! त्या इंटरफेरॉनची नौबत वाजवतात, बी पेशी अस्त्रे घडवू लागतात आणि ज्यांनी आवरायचे त्या टी पेशीच त्यांना चिथावणी देतात. डीएनए आणि प्रतिपिंडे यांचे गुंते मग मूत्रपिंडाच्या नाजूक गाळण्यांत जाऊन अडकतात.

उन्हाने हा रोग का उफाळतो, हेही यावरून कळते. उन्हाने त्वचेच्या पेशी मरतात आणि आगीत तेल पडते. म्हणूनच या रुग्णांच्या हाती असलेली छत्री ही चैन नव्हे, तो उपचारच आहे.

औषधांत कॉर्टिझोनच्या कुळातील स्टिरॉइडे आहेत, तसेच मुळात हिवतापावर वापरले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही आहे. अलीकडचे नवल जर्मनीतील एर्लांगेनचे. तेथील डॉक्टरांनी रुग्णांच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना बी पेशींचा नायनाट करण्याचे शिक्षण देऊन परत सोडल्या. २०२२ साली अशा पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. काही महिन्यांनी नव्या बी पेशी उपजल्या, पण त्या जुने वैर विसरून आल्या होत्या; पाचही रुग्णांची नेहमीची औषधे थांबवता आली. अर्थात पाच म्हणजे सारे जग नव्हे. या उपचाराची पारख अजून चालूच आहे.

तोवर आपल्या हाती काय आहे? हा विकार दहांत नऊ वेळा स्त्रियांना होतो आणि तोही बहुधा ऐन उमेदीच्या वयात. घरातील लेक किंवा सून सांधे दुखतात, अंगात कसकस राहते, केस गळतात, थकवा जात नाही, असे वारंवार सांगू लागली, तर त्याला आळस किंवा निमित्त म्हणून झटकू नका. अशा प्रत्येक तक्रारीमागे ल्युपसच असतो असे नाही. पण तो असला, तर मूत्रपिंड कुरकुर न करता बिघडत जाते, आणि ते कळते लघवीच्या एका साध्या तपासणीने. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तेव्हा तिचे ताट वेगळे मांडू नये. आणि जरा बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता तिच्या गोळ्याही बंद करू नयेत.